वजा अठ्ठावीस हजार मैल

बिऱ्हाड दोन खोल्यांचं आणि दारात उभी सरदारांची स्पोर्ट्स कार! एकोणीसशे पन्नास साली मंगळवार पेठेनं हे पाहिलं आणि पोटभर हसून घेतलं. गाडी विलायती, दोन माणसांची, वरून उघडी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. तिचं नाक इतकं लांब होतं की दारात लावली की ते शेजारणीच्या अंगणात जायचं. शेजारीण त्या नाकावर शेणी वाळत घालू लागली. मी जाब विचारला तर म्हणाली, "तापतंय की चांगलं. तुमची गाडी काय झिजत्या व्हय?" आमचं जे भांडण झालं ते चौकापर्यंत ऐकू गेलं. मी भांडखोर होते, अजूनही आहे.

माझे यजमान एका सरदारांच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. संस्थान विलीन झालं, सरदारांनी खर्च आवरता घेतला, मोटारखाना मोडला. बाकीच्या गाड्या विकल्या गेल्या. ही मात्र त्यांनी यजमानांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या बाकी पगारापोटी म्हण, न्हाईतर बक्षीस म्हण. हिला तूच वाढवलंयस." ते खरंच होतं. लढाईच्या आधी गाडी नवी आली तेव्हापासून अकरा वर्षं तिचा एकेक नट यजमानांच्या हातून गेला होता.

आम्हाला गाडी विकायची होती. उद्यमनगरात एक म्हातारे कारखानदार धंदा आटोपत होते. त्यांचा लोखंड कातायचा लेथ आणि पत्र्याची शेड यजमानांनी हेरून ठेवली होती. म्हाताऱ्यांनी शब्द दिला, "दसऱ्यापर्यंत थांबतो." गाडीला बरी किंमत आली तर स्वतःचं वर्कशॉप निघणार होतं. नाही आली तर पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं होतं, तिथं नोकरी धरायची. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवत होते, माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. आणि यजमानांचं म्हणाल तर मोटारखान्यात दर खंडेनवमीला ते दुसऱ्याच्या हत्यारांची पूजा मांडत आले होते. आता स्वतःच्या लेथला हळद-कुंकू वाहायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. ते बोलून दाखवत नसत, पण रात्री जेवताना ताटात बोटानं शेडचा नकाशा काढत.

गाडीत खोट काही नव्हती. यजमानांचा नियम असा, की इंजिन पाच मिनिटं गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ही वेगानं पळणारी गाडी, थंड इंजिनावर दामटली की आतून झिजते, असं ते सांगत. त्या पाच मिनिटांसाठी त्यांनी खुद्द सरदारांना हातमोजे घालून उभं ठेवलेलं आहे. हजार मैलांनी ऑइल बदलायचं, प्लग काढून त्यांचा रंग बघायचा, दोन्ही कार्बुरेटर कान लावून जुळवायचे. दुसऱ्यानं आवळलेला नट ते पुन्हा आवळून बघायचे. मी दाराला कडी लावली तरी उठून कडी बघून यायचे. यावरूनही आमची भांडणं झालेली आहेत.

आणि त्यांची एक वही होती. लाल बांधणीची, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. गाडी आल्या दिवसापासून तिला काय केलं, किती मैलांवर केलं, ते सगळं त्यात होतं. चांगलं तेवढंच नव्हे, वाईटही. "पन्हाळा घाट, पाणी तापलं नाही." "मुंबईस जाऊन येऊन, पुढचा डावा टायर बदलला." "शिरोलीजवळ म्हैस आडवी आली, सरकारांनी गाडी दगडावर घातली. खालचा पत्रा ठोकून सरळ केला, दोन दिवस." सरदारांनी एकदा हसत म्हटलं होतं, "अरे, तेवढी म्हस खोडून टाक की." यजमानांनी ती खोडली नाही.

पण गिऱ्हाईक यायचं ते आधी वाकून मीटर बघायचं. मीटर बेचाळीस हजार मैल दाखवत होतं. सांगलीचा एक कंत्राटदार आला. "बेचाळीस? म्हंजे म्हातारीच की ओ," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. गावात नव्यानं आलेले एक तरुण डॉक्टर आले. यजमानांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या तळाशी पांढरा रुमाल फिरवला आणि कोरा रुमाल त्यांच्यापुढं धरला. डॉक्टर म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण बेचाळीस हजार म्हणजे फार झाले." आणि आम्ही सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली. यजमानांनी वही पुढं केली, ती त्यांनी हातातही घेतली नाही. मला असा संताप आला की मी आतून भांडी आपटली.

त्याच डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात मिरजेकडची एक गाडी घेतली. आमच्याच गाडीची धाकटी बहीण म्हणावी अशी, आणि मीटरवर फक्त नऊ हजार मैल. लढाईच्या काळात पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणून तिच्या मालकानं ती विटांवर चढवून झाकून ठेवली होती, ती आजतागायत. डॉक्टरांनी तिला आमच्या दुप्पट पैसे मोजले. ती घेऊन ते निघाले आणि हातकणंगल्याच्या अलीकडं गाडीनं प्राण सोडला. बसून बसून रबर वाळलं होतं, होज पाइप फुटला, ब्रेक गंजून चाकं धरत होते. शेवटी कुणाची तरी बैलजोडी जुंपली. टाय लावलेले डॉक्टर स्टिअरिंगवर, पुढं दोन बैल, आणि बैलांना हाकणारा मधूनच मागं वळून "हॉर्न मारा की डाक्टर" म्हणतोय, अशी ती वरात आमच्याच दारात आली. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. मी तर लावलाही नाही.

यजमान मात्र हसले नाहीत. त्यांनी महिनाभर ती गाडी दुरुस्त केली आणि डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "गाडी वापरली की झिजत्या, पर न वापरता लई झिजत्या. झीज भरून काढता येत्या, गंज भरून काढता येत न्हाय." डॉक्टरांना पटलं. ते म्हणाले, "तुमचीच घ्यायला हवी होती." पण आता त्यांच्याजवळ पैसे नव्हते. यजमान खरे ठरले आणि गाडी दारातच राहिली. दसरा तीन आठवड्यांवर आला होता.

माझं डोकं तिथं फिरलं. मी मनाशी म्हटलं, लोकांना ऑइल नको, प्लग नको, वही नको. त्यांना फक्त आकडा हवा ना? मग घ्या आकडा. यजमान आजऱ्याला एका भातगिरणीचं इंजिन दुरुस्त करायला दोन दिवस गेले होते. मी चौकातल्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याला घरी बोलावलं. मीटर कसं काढतात ते मी हजारदा पाहिलं होतं, मागचे दोन नट आणि एक वायर. ते मी स्वतः काढलं आणि ओट्यावर त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "किती करू?"

दहा हजार म्हणणार होते, पण मी गणिताची बाई. गोल आकडा संशय आणतो. म्हटलं, "चौदा हजार दोनशे छत्तीस." शेवटचे तीन आकडे होते तेच ठेवले, पुढचे दोन बदलले. त्यानं चिमट्यानं चाकं फिरवली. पैसे देऊ केले तर हात मागं घेतला. म्हणाला, "मी हितं आलोच न्हाय, बाई." आणि चपला हातात घेऊन गेला. मला वाटलं, भित्रा आहे.

यजमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते तेलानं आणि कोंड्यानं माखून. सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांना जेवताना पाहिलं आणि माझी हिंमत होईना. ताटातल्या आमटीत त्यांनी शेडचा दरवाजा काढला आणि पुसला. मी म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी सात वाजताच दारात एक वृद्ध गृहस्थ उभे. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. शाहूपुरीतले गुळाचे जुने व्यापारी, जैन, सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. मला वाटलं लेकासाठी किंवा नातवासाठी गाडी बघायला आले असतील. यजमानांनी तसं विचारलंही.

"नातू कशाला?" अण्णा म्हणाले. "मला पायजे. साठी झाली, आता न्हाई घ्यायची तर कवा घ्यायची?"

ते ओट्यावर बसले आणि मी कधी ऐकलं नव्हतं ते बोलले. "मिस्त्री, तुमची वही हाय म्हणं. ती बघू आधी."

आजवर एकाही गिऱ्हाइकानं वही मागितली नव्हती. त्याच हिशेबानं मी मीटर फिरवलं होतं. यजमान लगबगीनं आत आले, फडताळातून वही काढली, कापडानं पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला त्यांना अडवता आलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले.

अण्णांनी चष्मा लावला आणि पोथी वाचावी तशी ओळीवर बोट ठेवून वही वाचू लागले. अर्धा तास वाचली. मधेच मोठ्यांदा हसले. "ही शिरोलीची म्हस! म्हस माझ्या साडूची हुती, मिस्त्री. साडू आठ दिवस बोंबलत हुता. तुम्ही ल्हिवलंय की ते!" पुढं वाचत शेवटच्या पानावर आले. तिथं यजमानांच्या अक्षरात बेचाळीस हजारांचा आकडा होता. अण्णांनी वही मिटली, गाडीपाशी गेले, दार उघडून आत बसले. टोपी सारखी केली आणि मीटर बघितलं.

मग त्यांनी यजमानांकडं बघितलं. यजमान वाकले. मीटर बघून त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांची नजर क्षणभर दाराकडं, माझ्याकडं आली. त्यांना सगळं कळलं हे मला कळलं.

"हे माझ्याच हातनं झालंय, अण्णा," ते म्हणाले. "मीटर खोललं हुतं. बसवताना फिरलं."

त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले होते. शेजारीण भिंतीवरून बघत होती, रस्त्यावर दोघे-तिघे थांबले होते. अण्णा काही बोलायच्या आत मी ओरडले, "त्यांनी नाही. मी केलंय ते! ते आजऱ्याला गेलते, त्यांना ठाऊकच नाही. मी केलं." पेठेतल्या चारचौघांत बाईमाणसानं असं ओरडायची ती काही रीत नव्हती. पण ज्यानं साध्या म्हशीची नोंद खोडली नाही, त्याला लबाड ठरलेलं मला उभ्यानं बघवत नव्हतं.

अण्णा माझ्याकडं वळले. "काय करता, बाई, तुम्ही?"

"शाळेत गणित शिकवते."

"व्हय? वजाबाकी बरी येती की." आणि ते हसत सुटले, टोपी मांडीवर पडेपर्यंत. "अहो बाई, इतकी वर्सं ही गाडी रोज माझ्या दुकानापुढनं जात्या. हिचा धुरळा माझ्या गुळावर बसलाय. पोरं हिच्या आवाजावर शाळंला निघायची. हिचं मीटर मागं घेतलंसा, गावाचं मीटर कसं मागं घेणार?"

शेजारीणही हसली. मला कुठं तोंड लपवावं कळेना. अख्ख्या गावानं पाहिलेली गाडी, आणि मी तिचे अठ्ठावीस हजार मैल घरातल्या ओट्यावर पुसायला निघाले होते. पुण्यामुंबईत खपलं असतं. कोल्हापुरात असला मूर्खपणा गणिताच्या बाईलाच सुचावा.

अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, बसा. पन्हाळ्याला जाऊन येऊ." यजमानांनी इंजिन चालू केलं आणि त्याही स्थितीत पाच मिनिटं थांबले. अण्णाही मुकाट्यानं थांबले. मग ते दोघे गेले आणि मी शाळेत निरोप धाडून घरी बसले. मनातल्या मनात पुण्याला जायचं सामान बांधलं. डबे किती, अंथरुणं किती, मुख्याध्यापिकेला काय सांगायचं, सगळं ठरवलं. मला दुःख लेथचं नव्हतंच. गावात ह्यांचं नाव काय होईल याचं होतं. मी बांधलेलं सामान सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

अकराच्या सुमाराला आवाज आला. तोच आवाज, पोरं ज्याच्यावर शाळेला निघायची तो. अण्णांची टोपी हातात होती, पांढरे केस उभे राहिले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं की आनंदाचं ते देव जाणे. यजमानांनी उतरल्या उतरल्या वही मागितली आणि लिहिलं, "पन्हाळा घाट, पाणी तापलं नाही."

आम्ही सांगितलेल्या किमतीत अण्णांनी एका पैचीही घासाघीस केली नाही. मला वाटलं दया दाखवतायत, म्हणून मी तसं विचारलं. माझी जीभ अशीच आहे. ते म्हणाले, "दया कसली? मी येपारी माणूस हाय, बाई. गुळाची ढेप वरनं पिवळी दिसती म्हणून कोण घेतो? फोडून बघतो. ही वही म्हंजे फोडलेली ढेप. बेचाळीस हजार मैल हिनं काय काय खाल्लं, कुठं पडली, सगळं हाय. नऊ हजारवाल्या डाक्टराकडं काय हाय? बैल!"

त्यांच्या दोन अटी होत्या. एक, गाडी दर हजार मैलांनी आमच्याच वर्कशॉपात यायची आणि वही चालू राहायची. दोन, मीटर आहे तसंच ठेवायचं, पुन्हा हात लावायचा नाही. दर खेपेला अठ्ठावीस हजार मिळवून खरा आकडा वहीत लिहायचा, आणि तो मी लिहायचा. "वजाबाकी केलीया न्हवं, आता बेरीज करा," म्हणाले. मी कबूल केलं. न करून सांगते कुणाला?

दसऱ्याच्या चार दिवस आधी लेथ आमचा झाला. खंडेनवमीला उद्यमनगरातल्या शेडमध्ये यजमानांनी पाने, हातोड्या, फायली ओळीनं मांडल्या. लेथ पुसून असा लख्ख केला होता की त्यात तोंड दिसावं. अण्णा गाडी घेऊन आले, प्रसादाला गुळाची ढेप घेऊन आले. शेजारीण आली, तिनं गाडीच्या नाकाला स्वतः झेंडूचं तोरण बांधलं. यजमानांनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू लाव आधी." माझ्या हातून कुंकू लेथवर थोडं सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

सगळे गूळ-खोबरं खात बाहेर उभे होते, तेव्हा आत मी त्यांना विचारलं. पंधरा दिवस विचारायचं होतं. "माझ्याच हातनं झालं, असं का म्हणालात?"

ते हातोडीवरचं फूल सारखं करत राहिले. "तू पोरींना शिकवतीस," म्हणाले. "तुला कुणी लबाड म्हटलं असतं तर पोरींनी कुणाकडं बघायचं? मी काय, मिस्त्री. मिस्त्र्याला सगळं गाव तसंबी लबाडच म्हणतंय."

पण त्यांना कुणी तसं म्हणत नव्हतं. कुणी म्हणू नये म्हणूनच तर त्यांनी ती वही अकरा वर्षं लिहिली होती, आणि त्या सकाळी माझ्यासाठी ती एका वाक्यात मातीत घालायला निघाले होते. मी तिथंच, लेथपाशी, करंडा हातात धरून रडले. त्यांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी मला गुळाचा खडा दिला.

पुढं सात-आठ वर्षं अण्णांनी ती गाडी चालवली. दर हजार मैलांनी शेडमध्ये यायची. यजमान तिच्याखाली शिरायचे आणि मी शाळा सुटली की मीटर वाचून, अठ्ठावीस हजार मिळवून, वहीत खरा आकडा लिहायचे. नंतर अण्णांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी ती पुण्याच्या एका शौकीन माणसाला विकली. तेव्हा मीटर एकतीस हजार म्हणत होतं आणि वही एकोणसाठ. त्या माणसानं आधी वही वाचली, अण्णांनी त्याला तसं बजावलंच होतं. मग त्याला तो अठ्ठावीस हजारांचा फरक कसला ते मी स्वतः सांगितलं, न लाजता. अण्णांना आपली किंमत पुरेपूर मिळाली.

वही गाडीबरोबर गेली. पण एक गोष्ट मी त्या सात-आठ वर्षांत पाहिली ती सांगते. कामगारानं आवळलेला प्रत्येक नट यजमान स्वतः आवळून बघायचे. मी लावलेल्या शेडच्या कुलपाला दोनदा हिसका मारायचे. वहीत मी लिहिलेला आकडा मात्र त्यांनी एकदाही वाकून पाहिला नाही.